तिसरी-चौथीची सहा मुलं अजून वाचत नाहीत आणि माझा उत्साह संपत चाललाय: एका शिक्षणसेविकेच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षणसेविका (पहिली तीन वर्षं मानधनावर काम करणारी शिक्षिका) तिसरी आणि चौथी एकत्र सांभाळतात. पट 19. त्यातल्या सहा मुलांना वाचता येत नाही. शाळा सुटल्यावर त्या या सहा जणांना तासभर थांबवून घेतात, दिवसभराचा धडा पुन्हा शिकवतात. दिवाळी उलटून गेली तरी फरक दिसत नाही. गावातले दोन पालक म्हणतात, पैसे देतो, संध्याकाळी घरी शिकवणी घ्या. शेवटी त्या लिहितात की नोकरी लागली तेव्हाची उमेद आता उरली नाही, सकाळी शाळेकडे पाय वळत नाहीत, तर प्रेरणा टिकवायची कशी?

ताई, मी पहिली ते चौथीच्याच वर्गांवर शिकवत आले, बीड जिल्ह्यातल्या वस्त्यांवरच्या शाळांत, आणि त्यातला बराच काळ दोन शिक्षकी शाळांत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही वाचनाचा एक प्रश्न विचारलात आणि उमेदीचा दुसरा. मला हे दोन्ही एकच वाटतात. रोज जादा तास देऊनही मुलांत झालेला बदल तुमच्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून उमेद आटली आहे. प्राथमिकच्या शिक्षकाला भाषणांनी किंवा पुरस्कारांनी फार दिवस बळ मिळत नाही. काल ज्याला 'मासा' वाचता येत नव्हता त्याने आज तो शब्द कुणी न सांगता वाचला, तर त्या आठवड्यात शाळेत जायला कुणी सांगावं लागत नाही. त्यामुळे मी आधी मुलांच्या वाचनाबद्दल लिहिणार आहे, आणि मग तुमच्या थकव्याबद्दल. क्रम मुद्दाम असा ठेवलाय.

त्याआधी तीन गोष्टी विचारते, कारण माझं बरंचसं उत्तर त्यांवर अवलंबून आहे. पहिली, मुलांची घरची भाषा. तुम्ही जिल्हा लिहिलेला नाही. मुलं घरी वारली, भिलोरी, पावरी, कोरकू किंवा गोरमाटी बोलत असतील, तर पुस्तकातली मराठी त्यांच्यासाठी नवी भाषा आहे. अशा मुलाला शब्द उच्चारता आला तरी अर्थ लागत नाही, आणि ते 'वाचता येत नाही' या सदरात जाऊन बसतं. दुसरी, हजेरी. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या भरतात आणि मुलं गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. जे मूल वर्षातले चार-पाच महिने फडावर असतं, त्याच्यासाठी शिकवण्याची पद्धत बदलण्याआधी ते गावात राहील कसं हे पाहावं लागतं: आजी-आजोबांशी बोलणं, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृह. तिसरी, तुमच्या सहकारी शिक्षकांशी तुमचं किती जमतं. दोन शिक्षकी शाळेत हे फार महत्त्वाचं असतं, आणि याबद्दल पुढे लिहिते.

आता त्या सहा मुलांकडे येऊ. 'सहा जणांना वाचता येत नाही' हे वाक्य मी तुमच्या जागी असते तर आधी मोडून काढलं असतं. प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बसवा, पाच-सात मिनिटं पुरतात. इतर मुलांसमोर नको. आधी दहा-बारा सुटी अक्षरं दाखवा, मग काना-मात्रा असलेले सोपे शब्द, मग चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद, मग एक छोटी गोष्ट. 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीतली वाचन चाचणी याच पायऱ्यांची आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल कोणत्या पायरीवर सहज उभं आहे आणि कुठे अडखळतं, एवढंच पाहायचं. चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका. काय वाचलं ते जसंच्या तसं वहीत लिहा: 'भात'ला 'मात' म्हणाला, 'दिवस'ला 'दवस' म्हणाली. पुढचं सगळं शिकवणं या नोंदींतून निघतं.

माझ्या अनुभवात अशा सहा मुलांमध्ये साधारण चार तऱ्हा सापडतात.

काहींना अक्षरंच पक्की नसतात. भ-म, घ-ध, ब-व, प-ष, य-थ या जोड्या त्यांना सारख्याच दिसतात. हे मूल तिसरीत आलं तरी त्याचं काम पहिलीचंच आहे आणि ते करण्यात कमीपणा काही नाही. फक्त दोन गोंधळणारी अक्षरं एकाच दिवशी शेजारी शेजारी शिकवू नयेत. एक पक्कं होऊ द्यावं, काही दिवसांनी दुसरं आणावं आणि मग दोन्ही असलेले शब्द द्यावेत.

काहींना अक्षरं येतात, पण स्वरचिन्हं येत नाहीत. आपल्या बाराखडीचा यात मोठा हात आहे. मूल 'का कि की कु कू' घडाघडा म्हणतं आणि आपल्याला वाटतं झालं. तोच 'कु' सुटा दाखवा, किंवा 'कु'ऐवजी 'सु' विचारा, की मूल सुरुवातीपासून सगळी ओळ म्हणायला लागतं. त्याने ताल पाठ केलेला असतो. त्यातही पहिली वेलांटी विशेष अवघड, कारण ती अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकतंच शिकलेल्या मुलाला ही अडचण खरीच मोठी असते, तो निष्काळजीपणा नाही. उपाय असा की एका वेळी एकच चिन्ह घ्यायचं, ते वेगवेगळ्या अक्षरांना लावायचं, आणि लगेच त्याचे अर्थ असलेले शब्द वाचायचे. काना आठवडाभर, मग दुसरी वेलांटी, मग पहिली.

तिसरी तऱ्हा शब्द जुळवता न येण्याची. मूल 'क… म… ळ…' असं एकेक अक्षर म्हणतं आणि शेवटी अंदाजाने 'कमान' म्हणून मोकळं होतं. त्याला अक्षरं माहीत आहेत, पण तिसऱ्या अक्षरापर्यंत पोचेस्तोवर पहिलं निसटतं. याच्याशी आधी पुस्तक बाजूला ठेवून तोंडी खेळा. 'मी तुकडे सांगते, तू शब्द सांग: पा-टी. चि-म-णी.' मग उलटं, 'शेळी' शब्द टाळ्या वाजवून तोड. आठ-दहा दिवस रोज पाच मिनिटं हे खेळलं की बऱ्याच मुलांचं जुळवणं सुरू होतं. वाचताना बोट सुट्या अक्षरावर टेकवण्याऐवजी शब्दाखालून सलग सरकवायला लावा.

आणि काही मुलं खणखणीत वाचतात, पण आत काय लिहिलंय हे सांगू शकत नाहीत. तुमच्या सहामध्ये असं कुणी नसेल, पण उरलेल्या तेरांमध्ये नक्की सापडेल, म्हणून त्यांचीही तपासणी करा. या मुलांना वाचनाचा सराव वाढवून उपयोग होत नाही. त्यांना गोष्टी ऐकायला हव्यात, गोष्टीबद्दल बोलायला हवं, 'तू असतास तर काय केलं असतंस' असं कुणी विचारायला हवं.

याच वेळी डोळे आणि कान तपासायचं विसरू नका. फळ्याजवळ आल्यावर वाचणारं, वही नाकाशी धरणारं, हाक मारल्यावर दुसऱ्यांदा वळणारं मूल 'मागे पडलेलं' म्हणून वर्षानुवर्षं शेवटी बसलेलं मी पाहिलंय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा अशा मुलांची नावं स्वतःहून सांगा. पथक यायला वेळ असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पालकांसोबत पाठवा.

आता तुमच्या जादा तासाबद्दल. तुम्ही त्या तासात धडा पुन्हा शिकवता असं लिहिलंय. तिथेच तो तास वाया जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला पहिली वेलांटी येत नाही त्याच्यासाठी चौथीचा धडा दुसऱ्यांदा ऐकणं म्हणजे दिवसातून दोनदा 'मला येत नाही' हे अनुभवणं. शिवाय साडेदहापासून शाळेत बसलेलं मूल पाचनंतर दमलेलं असतं, बाकीची मुलं घरी पळताना त्याला दिसतात, आणि थांबणं ही शिक्षा वाटायला लागते. हा तास शाळेच्या वेळात आणा, शक्यतो परिपाठानंतर लगेच. मुलं ताजी असतात, आणि तुम्हीही.

शाळेच्या वेळात कसा आणायचा? इथे सहकारी शिक्षक लागतात. पहिली ते चौथीच्या सगळ्या मुलांचे इयत्ता विसरून वाचनाच्या पायरीप्रमाणे दोन गट करा. अक्षर-शब्दाच्या पायरीवरची मुलं एकाकडे, परिच्छेद-गोष्टीची दुसऱ्याकडे. रोज एक तास. बाकीचा दिवस नेहमीचे वर्ग. ही कल्पना माझी नाही. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत 'बालसखी' उपक्रम चालवला. मागे राहिलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी रोज साधारण दोन तास वेगळं बसवून पायाभूत गोष्टी शिकवत असे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला आणि मुलांच्या गुणांत स्पष्ट सुधारणा दिसली. या दोघांना पुढे 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते गरिबीवरच्या अशाच प्रयोगांसाठी. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की त्या मुलींकडे डी.एड.ची पदविका नव्हती. मूल आहे तिथून सुरुवात करायची मोकळीक मात्र त्यांना होती. ती मोकळीक तुम्ही स्वतःला द्यायला हवी.

'पण अभ्यासक्रम कोण पूर्ण करणार' ही भीती मला माहीत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. त्यात ठरलेल्या वेळेत अभ्यासक्रम पूर्ण करणं आहे, आणि त्याच यादीत प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हेही आहे. केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांच्या केंद्रावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, विचारलं तर हे शांतपणे सांगा आणि तुमची नोंदवही समोर ठेवा. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचा रोखही तिसरीपर्यंत पायाभूत वाचन आणि अंकज्ञान पक्कं करण्यावरच आहे, त्यामुळे तुमच्या या तासाला वरून विरोध व्हायचं कारण नाही.

सहकाऱ्यांशी जमत नसेल, किंवा ते कायम पंचायत समितीच्या कामात अडकलेले असतील, तर हा तास तुमच्याच वर्गात करता येतो. तेरा मुलांना जोडीने वाचायचं आणि लिहायचं काम द्यायचं आणि सहा जणांना घेऊन खाली गोल बसायचं. पहिला आठवडा गोंधळ होईल. मोठ्या मुलांना 'मी गोलात असताना काय करायचं आणि अडलं तर कुणाला विचारायचं' हे शिकवण्यातच तो जातो. जाऊ द्या. हे एकदा लागलं की वर्षभर चालतं.

गोलात बसल्यावर नेमकं काय करायचं, ते माझ्या वर्गात जसं चालतं तसं सांगते.

सुरुवातीला मी पाच मिनिटं एक गोष्ट वाचून दाखवते, पुस्तक मुलांकडे वळवून. दुबळ्या वाचकांना गोष्टी सगळ्यात कमी ऐकायला मिळतात, कारण त्यांचा वेळ आपण सरावात घालवतो. म्हणून यांना आधी गोष्ट. पुस्तकं नाहीत असं म्हणू नका. बालभारतीच्या संकेतस्थळावर 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक मोफत वाचायला आहेत आणि 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीतली चित्रगोष्टींची पुस्तकं आहेत. तिसरी-चौथीला 'किशोर'मधलं सगळं झेपत नाही, निवडून घ्या.

मग अक्षरगट. 'क ख ग घ ङ' या क्रमाने गेलो तर पहिले पंधरा दिवस वाचण्यासारखं काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी क, म, ल, न, स, र आणि काना एवढंच घेऊन पाहा: काम, नाक, कान, रान, मासा, नाला, सामान, कमान. 'कमला, मामाला सलाम कर' हे अख्खं वाक्य झालं. दहा वर्षांच्या मुलाने पहिल्या आठवड्यात स्वतः वाक्य वाचलं की त्याची बसण्याची तऱ्हाच बदलते. मराठी वाचन असं अक्षरगटांनी शिकवण्याचं मोठं काम फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी केलं आहे. त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेचं साहित्य मिळालं तर जरूर पाहा. पालघरकडच्या असाल तर वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला 'क्वेस्ट' या शिक्षणसंस्थेचं कामही जवळच आहे.

त्यानंतर मुलाचं स्वतःचं वाक्य. 'काल घरी काय झालं?' एवढंच विचारते. 'काल आमच्या शेळीला दोन करडं झाली.' हे मी फळ्यावर जसंच्या तसं लिहिते, त्याच्या बोलीतच, दुरुस्त न करता. त्याने ते वाचायचं, वहीत उतरवायचं, खाली चित्र काढायचं. या वाक्यातली निम्मी अक्षरं त्याला येत नसतात, तरी ते वाचतं, कारण वाक्य त्याचंच आहे. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वाचायला दिलं की त्यातली 'शे', 'दो' ही अक्षरं त्याच्या नजरेत बसायला लागतात. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांसाठी तर हा भाग दुप्पट वेळ घ्यावा. त्यांचा शब्द फळ्यावर लिहायचा, शेजारी मराठी शब्द. तुम्हाला त्यांची बोली येत नसेल तर मुलांकडूनच शिका. बाई आपल्याकडून शब्द शिकतात म्हटल्यावर जी मुलं महिनोनमहिने तोंड उघडत नाहीत तीही बोलायला लागतात.

आणि एक सवय लावून घ्या, अवघड आहे पण लावा: प्रश्न विचारल्यावर थांबा. मूल अडखळलं की दोन सेकंदांत शब्द सांगून टाकण्याचा मोह आपल्याला होतो. मनात सात-आठ आकडे मोजा. चुकलं तर 'चूक' म्हणण्यापेक्षा त्या अक्षरावर बोट ठेवा आणि पुन्हा बघ म्हणा. बऱ्याचदा ते स्वतः दुरुस्त करतं, आणि स्वतः केलेली दुरुस्ती टिकते.

जोडाक्षरं शेवटी. 'र'ची रूपं, म्हणजे 'सूर्य'मधला रफार, 'प्रकाश'मधली तिरपी रेघ, 'ट्रक'मधलं खालचं चिन्ह आणि 'वाऱ्या'तला र, एकदम शिकवू नका. चौथीचं मूलही त्यात गोंधळतं.

गणिताबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी दोन वाक्यं. सहापैकी काही जण 'सत्तावीस' ऐकून 72 लिहीत असतील, कारण आपल्या संख्यानामांत आधी सात ऐकू येतो आणि मग वीस. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर वाद झाला, पण गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या गणित समितीने ज्या अडचणीवर बोट ठेवलं होतं ती वर्गात रोज दिसते. मी दोन्ही म्हणून घेते, आधी 'वीस आणि सात', मग 'सत्तावीस', आणि हातात दहा-दहा काड्यांचे गठ्ठे असतातच. 43 मधून 17 घालवताना एक गठ्ठा सोडावा लागतो हे हाताने केलं, की उसना घेणं सांगावं लागत नाही.

पालकांच्या शिकवणीच्या आग्रहाचं उत्तर सरळ आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 प्रमाणे शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. पालकांना तसं सांगा, नम्रपणे. पण त्यांच्या आग्रहामागे मुलाची काळजी आहे, तिला वाट करून द्या. 'पैसे नकोत, रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा, तो वहीतलं वाचेल, तुम्ही ऐका' असं सांगा. 'आम्हाला कुठं वाचता येतं' असं ते म्हणतील. ऐकायला वाचता यावं लागत नाही. आई समोर बसून ऐकते आहे एवढ्याने मूल तेच पान चार वेळा वाचतं.

इथवरचं थोडक्यात: एकेकटी तपासणी, इयत्तेऐवजी पायरीप्रमाणे गट, सकाळचा तास, त्यात गोष्ट, अक्षरगट आणि मुलाचं वाक्य, आणि घरी दहा मिनिटं ऐकणारं कुणीतरी.

आता तुमच्याबद्दल.

प्रगती दिसण्यासाठी ती लहान मापाने मोजावी लागते. 'तिसरीचं वाचता येतं का' हे वर्षाचं माप आहे, आणि त्या मापाने नोव्हेंबरात सगळंच शून्य दिसतं. प्रत्येक मुलाला वहीचं एक पान द्या. दर पंधरवड्याला तीच पाच मिनिटांची तपासणी करा आणि तारीख घालून लिहा. 'काना पक्का. दुसरी वेलांटी सहापैकी चार.' महिन्याने मागचं पान उलटा. ही नोंद कोणत्याही पोर्टलवर भरायची नाही, कुणाला पाठवायची नाही. ती तुमची आहे. मी माझ्या वह्या अजून जपून ठेवल्यात आणि वाईट आठवड्यात त्या उघडून बसते.

हेही लक्षात असू द्या की तुमच्या वर्गाचं चित्र जगावेगळं नाही. 'असर 2024' मध्ये ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या 23.4 टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. 2022 मध्ये हे प्रमाण 16.3 टक्के होतं. म्हणजे अडचण देशभर आहे, आणि काम केलं की आकडा हलतो, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तुमच्या 19 पैकी 13 मुलं वाचतात. त्यांना कुणीतरी शिकवलंय, आणि आता त्यांच्यासमोर तुम्ही उभ्या आहात.

थकव्याचा मोठा भाग शिकवण्यातून येतच नाही, तो बाकीच्या कामांतून येतो. पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या सरकारी पोर्टलवर भरायची शाळेची माहिती, तातडीने मागवलेली माहिती, मतदार यादीचं काम. कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षकाला लावता येत नाही, पण शिक्षणसेवक असताना एकटीने नकार देणं किती अवघड असतं हे मी जाणते. संघटनेमार्फत ते मांडलं जाऊ द्या. तुमच्या हातात आहे ते असं: सकाळचा तो एक तास मोबाइल कपाटात. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा, की या तासात आलेल्या मागण्यांना मी मधल्या सुट्टीत उत्तर देईन. बहुतेक 'तातडीची' माहिती दोन तास थांबू शकते.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सजवलेल्या वर्गांचे फोटो पाहून खचू नका. काही फार चांगल्या शाळा त्यात आहेत. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (शाळांच्या गटातल्या) शाळांचं काम पाहायला राज्यभरातून शिक्षक जात असत, आणि मुलं जमिनीवर बसून स्वतः शिकताना पाहणं खरोखर शिकवून जातं. पण फोटोत भिंती दिसतात, मूल वाचतं का ते दिसत नाही. तुम्ही भिंतीपेक्षा मुलाला वेळ दिलात तर बरोबरच केलंत.

दोन शिक्षकी शाळेत एकटेपण फार असतं. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, म्हणजे शिक्षण परिषदेला, जाल तेव्हा एक खरा प्रश्न घेऊन जा, एखाद्या मुलाच्या वहीचं पान दाखवून: 'हिची वेलांटी काही केल्या बसत नाही, तुम्ही काय करता?' अशा प्रश्नाने केंद्रातली एखादी तरी शिक्षिका मैत्रीण होते. दर आठवड्याला एकमेकींना फोन करणारी अशी एक व्यक्ती मला दहा प्रशिक्षणांपेक्षा मोलाची वाटत आली आहे.

एक गोष्ट मात्र शिकवण्याच्या पद्धतीने सुटत नाही. 16,000 रुपये मानधन, घरापासून लांब भाड्याची खोली, गाडीचा खर्च, तीन वर्षं पूर्ण होईपर्यंतची धाकधूक. या गोष्टींनी माणूस खचतो, आणि त्यात तुमच्या निष्ठेची काही परीक्षा नाही. घरच्यांशी हिशेबाचं बोला. दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सोमवारपर्यंत शाळेचं कोणतंही काम हातात न घेण्याचा नियम करा आणि पाळा. आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, रविवारच्या संध्याकाळी रडू येत असेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर ही प्रेरणेची अडचण नाही, डॉक्टरांकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, फुकट.

या सोमवारपासून फक्त तपासणी सुरू करा, दिवसाला दोन मुलं. शिकवण्यात इतक्यात काही बदलू नका. तीन दिवसांत सहाही होतील. मग कोणतं मूल कोणत्या पायरीवर आहे, घरी कोणती भाषा बोलतं आणि महिन्यातून किती दिवस शाळेत येतं, एवढं लिहा. नावं नकोत, 'पहिला मुलगा, दुसरी मुलगी' असं चालेल. त्यावरून पहिल्या पंधरा दिवसांचे अक्षरगट आणि शब्द आपण मिळून ठरवू.